फ्लॅव्होनॉइड गुणकारी आहेत, पण त्या संदेशात म्हटले आहे तसे नाहीत

गेली काही वर्षे व्हॉट्सॲपवर एक संदेश थोड्याफार फरकाने फिरत आहे. कांदा, हळद, कोकम आणि ग्रीन टी यांतील फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत आढळणारी एका गटातील रासायनिक द्रव्ये) रक्तातील मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू, वेचून नष्ट करतात, रोज एक कच्चा लाल कांदा खाल्ल्याने रक्तदाब आणि हृदयविकार दूर राहतो, कर्करोगही बरा होतो, हे सारे वनस्पतिजन्य असल्यामुळे अपाय मुळीच नाही आणि औषध कंपन्यांनी आपल्या धंद्यापायी ही माहिती दडपली आहे, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते.

यादीपासूनच गडबड आहे. हळदीतील कर्क्युमिन हे फ्लॅव्होनॉइड नव्हेच. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, म्हणजे फ्लॅव्होनॉइडचाच. परंतु कोकमाच्या कुळातील फळांपासून काढून वजन घटवण्यासाठी जे विकले जाते, ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल अगदी वेगळे.

मुक्त मूलकांचा मुद्दा अधिक नीट पाहण्यासारखा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. परीक्षानळीत कांद्यातील क्वेरसेटिन हे फ्लॅव्होनॉइड मुक्त मूलके नष्ट करण्याचे काम उत्तम करते. पोटात गेल्यावर मात्र आतड्याचे अस्तर आणि यकृत त्याला सल्फेट किंवा ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून त्याचे रूप पालटतात, बराचसा भाग मोठ्या आतड्यातील जिवाणू तोडून टाकतात, आणि जे काही रक्तात पोहोचते ते तिथे आधीपासून हेच काम करत असलेल्या यूरिक आम्लाच्या तुलनेत नगण्य असते. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे मुक्त मूलके निष्प्रभ करण्याची ताकद, वाढलेली दिसते खरी. पण ती मुख्यतः फळातील फ्रुक्टोजमुळे यूरिक आम्ल वाढल्याने, हे २००४ मध्ये दाखवले गेले. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, तोही अशा आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात म्हणून. फ्लॅव्होनॉइड निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या, त्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइडवर फ्लॅव्होनॉइडचा परिणाम होतो, आणि संशोधकांचे लक्ष आता तिकडेच अधिक आहे.

हृदयविकाराबाबतचा आशावाद मुख्यतः १९९३ च्या एका डच अभ्यासातून आला. झुटफेन गावातील ८०५ वृद्ध पुरुषांमध्ये चहा, कांदा आणि सफरचंद यांतून अधिक फ्लॅव्होनॉइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. परंतु पुढे वेल्समधील केरफिली येथील पुरुषांत तसा लाभ दिसला नाही. निरीक्षणात्मक अभ्यासात सफरचंद खाणारा माणूस आणखी काय काय करतो, हे वेगळे काढणे अवघड असते. म्हणून चाचणी लागते. कोकोतील फ्लॅव्हॅनॉल या फ्लॅव्होनॉइडच्या प्रकाराची अशी चाचणी २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रोज ५०० मिलिग्रॅम घेऊनही हृदयरोगाच्या एकूण घटनांत सांख्यिकीय दृष्ट्या ठोस घट झाली नाही. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. हे दुसरे निरीक्षण उत्साहवर्धक आहे, पण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता.

रक्तदाबावर क्वेरसेटिनचा परिणाम चाचण्यांत दिसला तो वरच्या आकड्यात साधारण ३ मिलिमीटर (पारा) घट इतकाच, आणि तोही रोज ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रेत. शंभर ग्रॅम लाल कांद्यात ते ३० ते ४० मिलिग्रॅम असते. म्हणजे रोज किलोभराहून अधिक कांदा खावा लागेल. लासलगावात राहणाऱ्यालाही हे झेपणार नाही. कांदा जरूर खावा, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये.

कर्करोगाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. प्रयोगशाळेतील पेशींवर जी तीव्रता वापरतात ती आहारातून रक्तात येतच नाही, आणि फ्लॅव्होनॉइडयुक्त आहाराने माणसाचा कर्करोग बरा होतो, असे कोणत्याही चाचणीने सिद्ध केलेले नाही.

दडपण्याचा आरोप तर औषधाच्या दुकानातच खोटा ठरतो. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन या दोन फ्लॅव्होनॉइडची गोळी मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी डॉक्टर सर्रास लिहून देतात. हिरव्या चहातील कॅटेचिन या फ्लॅव्होनॉइडचे मलम अमेरिकेच्या औषध नियामकाने २००६ मध्ये जननेंद्रियावरील चामखिळींसाठी मंजूर केले. जिथे मात्रा ठरली आणि परिणाम मोजता आला, तिथे कंपन्यांनी ही द्रव्ये पेटंट घेऊन विकलीच आहेत.

राहिला अपायाचा प्रश्न. कपातून प्यायलेला ग्रीन टी बहुतेकांना सोसतो. पण त्याच्या अर्काच्या गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट (ग्रीन टीमधील प्रमुख कॅटेचिन) घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे दिसू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला. आपल्याकडे याहून नित्याची अडचण साध्या चहाची आहे. त्यातील पॉलिफेनॉल (फ्लॅव्होनॉइड ज्या मोठ्या गटात मोडतात ती द्रव्ये) अन्नातील लोहाला बांधून ठेवतात आणि त्याचे शोषण घटवतात. रक्तक्षय असलेल्या किंवा गरोदर बाईने म्हणूनच जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा, मग तो हिरवा असो वा दुधाचा, घेऊ नये. मध्ये तास-दीड तासाचे अंतर ठेवावे.