हंसाबाई वाया गेल्या म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

रविवारी सोलापुरातलं ऊन डोक्यावर, बाहेर पडायची सोय नाही. म्हणून आत्याला घेऊन 'भूमिका' लावला. श्याम बेनेगलांचा, 1977 चा. जुन्या मराठी सिनेमातल्या नटी हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. स्मिता पाटीलला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो कमीच वाटावा असं काम आहे.

अर्ध्यात आत्या म्हणाली, "दारू प्यायची म्हणे ती. घर सोडून गेली होती."

मला याचाच राग येतो. बाईचं नाव निघालं की आधी दारू आणि पुरुष! 1936 मध्ये 'विजयाची लग्ने' आला तेव्हा हंसाबाई तेरा वर्षांच्या होत्या. त्या वयापासून घर त्यांच्या कमाईवर चाललं, हे कुणी आधी सांगत नाही. सिनेमात हे नेमकं पकडलंय. अमोल पालेकरचा केशव, म्हणजे नायिकेचा नवरा, ओरडत नाही फारसा, नुसता हिशेब ठेवतो. काम कुठलं घ्यायचं तो ठरवणार, पैसा त्याच्या हातात, वर संशयही त्याचाच. पुढे ती अमरीश पुरीच्या वाड्यात राहायला जाते, तिथे सगळं सुख आहे, पण त्याच्या पोराला जत्रेला न्यायची परवानगी नाही. मला तो वाडा केशवच्या घरापेक्षा फार वेगळा वाटला नाही.

आता आपल्या गावचं. रामजोशी सोलापूरचे, हे आपण छाती फुगवून सांगतो. कीर्तनकाराच्या घरातला ब्राह्मणाचा पोरगा तमाशात गेला, भावानं घराबाहेर काढलं, तरी आज तो लोकशाहीर! 1947 च्या 'लोकशाहीर रामजोशी'त त्यांची बया, म्हणजे तमाशातली नायिका, झाल्या होत्या हंसाबाईच. पुरुषानं घर सोडलं की कलेसाठी, बाईनं सोडलं की थेरं. आत्याला हे म्हटलं तर ती म्हणाली, "ते खरंय की गं," आणि पुन्हा दारूवर आली. असो.

बेनेगलांवर एक राग मात्र आहे. त्यांची उषा, म्हणजे स्मिताची नायिका, शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी उरते. कथा त्यांची, मान्य. पण खऱ्या हंसाबाईंचा 'सांगत्ये ऐका' हा अनंत माने दिग्दर्शित सिनेमा 1959 मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. छत्तिशीतली बाई अडीच वर्षं थिएटर भरवते! त्या बाईला सेटवर मन लावून काम करताना बघायचं होतं मला. स्मितानं तेही कमाल केलं असतं.