"पूर्वी कोणी अंपायरला जाब विचारत नव्हतं" हे साफ चुकीचं आहे

गेल्या आठवड्यापासून तो फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे पूर्वीचे खेळाडू अंपायरने बोट वर केलं की मुकाट निघायचे, आता आयपीएलच्या पैशाने सगळे माजलेत, आणि डीआरएस, म्हणजे अंपायरचा निर्णय टीव्ही रिप्लेवर परत तपासून मागायची सोय, हा अंपायरचा सरळसरळ अपमान. मी स्वतः गावाकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांना अंपायर म्हणून उभा राहतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

"मुकाट निघायचे". कोण? फेब्रुवारी १९८१, मेलबर्न टेस्ट. गावसकर ७० वर होता, ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या बॉलवर अंपायर रेक्स व्हाइटहेडने एलबीडब्ल्यू दिलं, याचं म्हणणं बॉल आधी बॅटला लागलाय, बॅट पॅडवर आपटून दाखवली आणि जाता जाता समोरचा बॅट्समन चेतन चौहानलाही सोबत घेऊन निघाला. बाउंड्रीपाशी आपल्या टीमचे मॅनेजर दुर्रानी आले म्हणून चौहान परत फिरला, नाहीतर मॅच तिथेच सोडल्यासारखी झाली असती. आणि तीच मॅच आपण ५९ रन्सनी जिंकलो हो, ऑस्ट्रेलिया ८३ मध्ये गुंडाळली! आपण चुकलो हे गावसकरने नंतर स्वतः कबूल केलंय. त्याच्या वर्षभर आधी न्यूझीलंडमध्ये वेस्ट इंडीजच्या होल्डिंगने लाथ मारून स्टंप उडवले होते आणि त्याच टीमच्या क्रॉफ्टने अंपायरला खांदा मारला होता. १९८७ ला फैसलाबादला इंग्लंडचा कॅप्टन गॅटिंग आणि अंपायर शकूर राणा यांचं असं भांडण झालं की पूर्ण एक दिवस खेळच झाला नाही. आयपीएल आलं २००८ ला.

"आता दंड किती होतात बघा". अरे पण खेळाडूंच्या वागण्यावर कारवाई करणारे मॅच रेफ्रीच आले १९९१ पासून, त्याआधी दंड करणार कोण? दंड वाढले म्हणजे उद्धटपणा वाढला असं नाही होत.

त्या फॉरवर्डमध्ये गुंडाप्पा विश्वनाथचं उदाहरण दिलंय, आणि मला खरा राग तिथे आला. १९८० ची वानखेडेवरची इंग्लंडविरुद्धची गोल्डन ज्युबिली टेस्ट. इंग्लंडच्या बॉब टेलरला अंपायरने कॅच आउट दिलं, विश्वनाथ आपला कॅप्टन, त्याला वाटलं बॅट लागलीच नाहीये, त्याने अपील मागे घेऊन टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने मग १७१ ची पार्टनरशिप केली आणि आपण ती मॅच दहा विकेट्सनी हरलो. आता सांगा, अंपायर आउट म्हणाला आणि कॅप्टन म्हणाला नाही, मग हे काय होतं? निर्णय चुकलाय हे सांगणंच होतं ना, फक्त नियमात बसवून, आवाज न चढवता, स्वतःचं नुकसान करून घेऊन.

डीआरएस पण तेच आहे. हाताने टी दाखवायचा, १५ सेकंदात, एक शब्द न बोलता, आणि उत्तर काय येईल ते मानायचं. यात अपमान कुठला? मागे एका मॅचला मी रनआउट दिला, बॅट्समन जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, स्टंप पाडला तेव्हा बॉल कीपरच्या हातात होता का, एकदा विचारता का?" मी लेगच्या अंपायरला विचारलं, बॉल आधीच सुटलेला, मी लगेच निर्णय बदलला. त्याच स्पर्धेत दुसऱ्या एकाने वाइड दिला नाही म्हणून पिचवर बॅट आपटली. प्रश्न दोघांचाही निर्णयावरच होता, पण अपमान एकानेच केला.

धोनी २०१९ ला जयपूरला नोबॉलवरून डगआउटमधून थेट मैदानात घुसला ते चूकच, निम्मी मॅच फी गेली ते बरं झालं. २०२३ ला ढाक्यात महिला टीमची कॅप्टन हरमनप्रीतने बॅटने स्टंप उडवला, वर बक्षीस समारंभातही अंपायरिंगवर बोलली, तिला दोन मॅचची बंदी बसली, तीही योग्यच. पण या दोघांची नावं पुढे करून रिव्ह्यू मागणाऱ्या प्रत्येक पोराला उद्धट ठरवू नका.