निर्णय आपण घेऊन टाकला की पोरगी शांत होते?

नातेवाइकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "अँक्झायटी वगैरे काही नसतं, ही निव्वळ धरसोड वृत्ती" अशी सुरुवात, मग पाच मुद्दे आणि शेवटी "गरजूंपर्यंत पोहोचवा". आमच्या ग्रुपवर तो माझ्या भाचीला टॅग करून टाकला गेला, आणि तोही ती इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरत असताना. तिच्यावर अँक्झायटीचे उपचार चालू आहेत, हे टाकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, इच्छाशक्ती कमी पडते. या मुलीने गेल्या वर्षीचे कट-ऑफ, होस्टेलची फी, घरापासूनचं अंतर, सगळं वहीत रकाने आखून उतरवलंय. रात्री क्रम पक्का करते आणि अर्ध्या तासात तिसरं कॉलेज पहिल्या जागी आणते. इच्छाशक्ती नसलेलं माणूस इतकं राबत नाही. अडतंय ते दुसरीकडेच. कॅनडात क्वेबेकच्या लवाल विद्यापीठातल्या मिशेल दुगा, रोबेर लादुसेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात सतत काळजी करणाऱ्या माणसांचा अभ्यास केला आणि अनिश्चितता सहन न होणं हे या काळजीच्या मुळाशी असतं, अशी मांडणी केली. ते मोजण्याची त्यांची १९९४ची प्रश्नावली आजही वापरात आहे. अशा माणसाला "बहुतेक चांगलंच होईल" पुरत नाही, खात्रीच हवी असते. आणि कॉलेजची खात्री कोण देणार? म्हणून शोध थांबत नाही.

दुसरा मुद्दा: पाचपर्यंत आकडे मोजा, मनात येईल तो पहिला विचार खरा. घाबरलेल्या मनात पहिला विचार बहुधा "नकोच ते" हाच येतो. मग काय, फॉर्मच भरायचा नाही?

तिसऱ्या मुद्द्याने मात्र माझं डोकं फिरलं. "अशांचे निर्णय घरच्यांनी घेऊन टाकावेत, मुलं आपोआप शांत होतात." शांत होतात, हे खरं आहे, आणि घोळ तिथेच आहे. "आई, हेच वर टाकू ना?" "टाक." "नक्की?" "हो गं, नक्की." दहा मिनिटं बरं वाटतं, मग तोच प्रश्न बाबांना, मग मला. प्रत्येक "नक्की"बरोबर मन एवढंच शिकतं की दुसऱ्याने शिक्का मारल्याशिवाय आपण सुरक्षित नाही. पुढच्या वेळी शिक्का आणखी लवकर लागतो. दुगांच्या उपचारपद्धतीत नेमकं याच्या उलट करायला लावतात. कुणाला न विचारता एक छोटा निर्णय घ्यायचा, काय वाईट होईल असं वाटतंय ते आधी लिहून ठेवायचं आणि नंतर खरंच काय झालं ते पाहायचं. सुरुवात हॉटेलात काय मागवायचं इथून, किंवा मेसेज पुन्हा न वाचता पाठवण्यापासून. कॉलेजचा क्रम खूप नंतर. घरच्यांनी "नक्की" म्हणण्याऐवजी "तुला काय वाटतं?" विचारायचं आणि तिच्या अस्वस्थपणात शेजारी बसून राहायचं. हे जड जातं, माझ्या बहिणीला विचारा. ऐन घबराटीत कुणी हात धरला तर बिघडत नाही, पण ती रोजची रीत होऊ द्यायची नाही.

चौथा मुद्दा: गोळ्या एकदा धरल्या की सुटत नाहीत. यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्यांची सवय लागू शकते. म्हणूनच उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शक सूचना सततच्या चिंतेच्या आजारात त्या फक्त अगदी अडीअडचणीला, थोड्या काळापुरत्या द्यायला सांगतात. पण औषध द्यायचं झाल्यास याच सूचना सर्ट्रालिनसारख्या गोळ्या आधी सुचवतात, आणि त्या गोळ्या वेगळ्या. त्यांचं व्यसन लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड होऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. असला मेसेज वाचून कुणी मधेच गोळी सोडली तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

पाचवा मुद्दा सूर्यनमस्कारांचा. घालावेत, व्यायामाने फायदा होतो. उपचार सोडून नव्हे.

ज्यांच्या घरी असंच चाललंय आणि कुठे जावं कळत नाही, त्यांच्यासाठी सरकारची मानसिक आरोग्याची टेली-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.