जुलाबात कोल्ड्रिंक पाजा म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

मंगळवारी आमच्या गल्लीनं पंचगंगेचं नवं पाणी कोल्हापूरच्या टेंबलाई देवीला वाहिलं. वाजतगाजत जाऊन आलो आणि रात्री मटणाचं जेवण झालं. बुधवारी पहाटेपासून भावाच्या पोरीला जुलाब सुरू झाले. वय वर्षं पाच. वहिनीला ड्यूटीवर जायचं होतं, म्हणून पोरगी आईजवळ होती.

दुपारी दुकानाला कुलूप लावून मी आईकडे गेले. पोरगी दिवाणावर आडवी. शेजारी आई स्टीलच्या पेल्यात हिरव्या बाटलीतलं कोल्ड्रिंक चमच्यानं ढवळत बसलेली. फेस खाली बसला की पुन्हा थोडं ओतायची, पुन्हा ढवळायची. मला म्हणाली, "गॅस काढूनच द्यायचं असतंय गं, तिसरा पेला आहे हा." सकाळपासून पोरीला सात-आठ वेळा झालं होतं आणि लघवी एकदाही नव्हती. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट व्हायला हवी. सावकाश खाली गेली.

मी मेडिकल चालवते. गेली अठरा वर्षं जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या ओआरएसच्या पुड्या विकते आहे, आणि माझ्याच आईनं माझ्याच भाचीला हे पाजलं. कारण विचारलं तर तिनं मोबाईल पुढं केला. "डॉक्टरांनीच लिहिलंय की."

तो मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. 'थंडपेयांची बदनामी थांबवा, डॉक्टरांनी सांगितलेले सत्य' असं वर लिहिलंय. कुठले डॉक्टर, नाव नाही, गाव नाही. मुद्दे थोडक्यात असे: जड जेवणानंतर थंडपेयानं अन्न पचतं. आपल्याकडच्या थंडपेयांत उसाची नैसर्गिक साखर असते, म्हणून ती बाधत नाही. निरोगी, घाम गाळणाऱ्या माणसाला रोज एक बाटली चालते, शरीर ती जाळून टाकतं. दात आणि हाडं विरघळतात ही अफवा आहे. उलट्या-जुलाबात गॅस काढलेलं थंडपेय द्यावं, कारण 'ओआरएस म्हणजे तरी साखरपाणीच'. आणि मधुमेह्याची शुगर एकदम उतरली तर हेच थंडपेय जीव वाचवतं.

जुलाबाच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्यांनी माणसाचं नुकसान वर्षानुवर्षांत होतं, यानं एका दुपारीत होतं.

ओआरएस साखरपाणी नाही. एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. सगळं मिळून २०.५ ग्रॅम. पुडीच्या पाठीमागं छापलेलं आहे, वाचा. एवढं मोजूनमापून कशासाठी? आपल्या आतड्याच्या अस्तरात अशी दारं आहेत की ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनं आले तरच ती उघडतात. ही जोडी आत शिरली की तिच्यामागून पाणी आत ओढलं जातं. कितीही जुलाब होत असले तरी बहुतेक वेळा ही दारं चालू असतात, म्हणून तोंडानं दिलेलं पाणीसुद्धा अंगी लागतं. साखर तिथं ताकदीसाठी घातलेली नसते. मिठाला आत न्यायला सोबत म्हणून ती असते आणि तेवढ्यापुरतीच असते.

आता आईच्या पेल्यात काय होतं ते बघू. कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे लिटरला शंभर ग्रॅमच्या वर, ओआरएसच्या सात-आठ पट. मीठ अगदीच नावाला, पोटॅशियम जवळजवळ नाहीच. एवढं दाट साखरेचं पाणी आतड्यात उतरलं की उलटा प्रकार होतो. ते पातळ करायला अंगातलंच पाणी आतड्यात खेचलं जातं आणि जुलाबावाटे निघून जातं. साखरेच्या डब्यात ओला चमचा ठेवला तर पाणी चमच्यावर राहत नाही, डब्यातली साखर ओली होते. पाणी साखरेकडे जातं, तसंच हे. आई ज्याला पाणी पाजणं समजत होती, त्यानं पोरीचं पाणी बाहेर काढलं. चमच्यानं गॅस निघतो. साखर जागची हलत नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जुलाबाच्या उपचारांची डॉक्टरांसाठीची पुस्तिका आहे. जुलाबात कोणते द्रव टाळावेत, कारण ते धोक्याचे ठरू शकतात, याची यादी तिच्यात आहे. बाटलीबंद गॅसची पेयं त्या यादीत आहेत, बाजारातले फळांचे रस आहेत आणि गोड चहासुद्धा आहे. कारणही दिलंय: साखरेमुळे जुलाब वाढतात आणि रक्तातल्या सोडियमचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. यापुढं बिननावाच्या डॉक्टरची काय किंमत?

'साखरपाणीच' हा शब्द मला विशेष लागला, त्याला कारण आहे. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. सलाइन संपत आलं. तिथं डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मापात घालून पाणी तयार केलं आणि नातेवाइकांच्या हातानं रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. एका भारतीय डॉक्टरानं छावणीच्या चिखलात उभं राहून सिद्ध केलेली गोष्ट आहे ही, आणि तिला आज बाटलीतल्या साखरेच्या पाण्याशेजारी बसवतात.

गोंधळात भर घालायला बाजार होताच. गोड पेयांच्या डब्यांवर मोठ्या अक्षरात 'ओआरएस' छापलेलं असायचं, आणि आमच्याच धंद्यातले लोक ते पुडीच्या शेजारी मांडायचे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं आदेश काढून अशा पेयांच्या नावात ती तीन अक्षरं वापरायला मनाई केली. तरीही गिऱ्हाईक येऊन म्हणतंच, "ताई, ते फ्रुटीसारखं ओआरएस द्या, पोरगं पुडी पीत नाही." पीत नसेल तर चमच्या-चमच्यानं द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू द्या.

पुडीबाबतही एक चूक रोज बघते. लिटरची अख्खी पुडी एका ग्लासात कालवतात. तेही दाट, तेही घातक. लिटरच्या पुडीला पूर्ण एक लिटर पाणी, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली. घरात पुडी नसेल आणि दुकानं बंद असतील, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाट. शीग लावायची नाही. सोबत डॉक्टरांना विचारून झिंक. पोरगं सुस्त पडलं, पाणी पोटात ठरेना, जुलाबात रक्त दिसलं, तर घरचे उपाय बंद करून दवाखाना गाठायचा. भाचीला मी वाटी-चमचा घेऊन बसले, संध्याकाळी मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. सलाइनवर गेलं नाही. रात्री दहाला तिला लघवी झाली, तेव्हा आई देवापुढं जाऊन बसली.

आता बाकीचे मुद्दे.

मटण पचतं म्हणे. ढेकर येतो, कारण त्यात दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड असतो. तो वर येतो एवढंच. मांस पचतं ते जठरातल्या आम्लानं आणि पाचकरसांनी, आणि त्यांना बाटलीची मदत लागत नाही. तांबड्या रश्श्याच्या चार वाट्यांवर गॅस ओतला की कित्येकांना छातीत जळजळतं. मग ते अँटासिड घ्यायला माझ्याच दुकानात येतात.

उसाच्या साखरेचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात फार चालतो, आणि त्यात अर्धं खरं आहे हे मान्य करते. अमेरिकेत कोल्ड्रिंकमध्ये बहुतेक मक्याचा पाक घालतात, आपल्याकडे साखर. आमचाही दीड एकर ऊस दर हंगामाला कारखान्याला जातो, साखरेशी माझं वैर नाही. पण त्या पाकात साधारण ५५ टक्के फ्रुक्टोज नावाची साखर असते आणि आपली साखर पोटात फुटली की निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज होतं. एवढ्या फरकावर साखरेला सोवळं नेसवायचं? फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो. जादा झालं की त्याची चरबी होते आणि युरिक अॅसिड वाढतं. ते सांध्यात साठून पायाचा अंगठा लाल होऊन सुजला म्हणून गोळ्या नेणारे मटणाला दोष देतात, रोजच्या बाटलीचं नाव कोणी काढत नाही. गूळ, काकवी, उसाचा रस यांनाही मी यातून सोडत नाही. पण रसवंतीचा ग्लास कोणी वर्षाचे बाराही महिने रोज जेवणाबरोबर पीत नाही.

रोज एक बाटली चालते हा मुद्दा मात्र दुसऱ्या क्रमांकाचा घातक आहे. २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला. लोकांना वर्षानुवर्षं नजरेखाली ठेवून केलेले सतरा अभ्यास त्यात एकत्र केले होते. रोजच्या प्रत्येक जादा गोड पेयामागे टाइप २ मधुमेहाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आढळलं. मग जाडीचा हिशेब वजा करून पाहिलं, तरी १३ टक्के उरलेच. 'मी बारीक आहे, मला काय होतंय' म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. असे अभ्यास कारण पक्कं सिद्ध करत नाहीत, हे खरं. पण सतरा ठिकाणची माणसं एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तर मी बाटलीच्या बाजूनं उभी राहणार नाही.

घाम गाळण्याचंही तसंच. ६०० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी. झपझप तासभर चालल्यावर तेवढ्या जळतात. अडीचशे कॅलरीची भाकरी-भाजी खाल्ली तर पोट भरल्याचं कळतं. प्यायलेली साखर पोटाला कळत नाही, जेवण तेवढंच जातं. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, आणि जमलं तर पाच टक्के, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम. छोटी ३०० मिलीची बाटलीच तिसाच्या पुढं जाते.

दातांचं पटकन सांगते. एका रात्रीत दात विरघळतो, हे खोटंच आहे. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर. कोल्ड्रिंकच्या विरोधातही भलभलते मेसेज फिरतात आणि तेही थांबायला हवेत. पण कोलाचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) अडीचच्या आसपास असतो आणि साडेपाचच्या खाली दाताचं वरचं कवच झिजायला लागतं. घोट-घोट घेत तासभर बाटली चालवली तर दात तासभर आम्लात. वर साखर, तिच्यावर जंतू पोसतात.

राहिला शेवटचा मुद्दा, शुगर उतरल्याचा. हा बरोबर आहे. घाम सुटला, हात थरथरायला लागले, मशीनवर साखर ७० च्या खाली दिसली आणि माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी. दीडशे मिलीच्या आसपास साधं कोल्ड्रिंक त्याला पुरतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुगर-फ्री बाटली इथं उपयोगाची नाही.

आईनं नेमकं हेच पकडलं. "मग बाबांसाठी तरी ही बाटली राहू दे की फ्रिजमध्ये," म्हणाली. बाबा गेली नऊ वर्षं शुगरच्या गोळीवर आहेत. मी त्यांची पट्टी आणून तिला वाचायला दिली. एका गोळीत तीन औषधं आहेत, आणि तिसरं वोग्लिबोज. साखर फोडून तिचं ग्लुकोज करायचं आतड्यातलं काम हे औषध मंद करतं. ही गोळी चालू असलेल्या माणसाची शुगर उतरली तर साखरेनं किंवा कोल्ड्रिंकनं ती लवकर चढत नाही. त्याला आधीच सुटं असलेलं, थेट ग्लुकोजच लागतं.

आईनं बाटली मोरीत ओतली. दुकानातून मी ग्लुकोज पावडरचा डबा नेऊन दिला, तो आता बाबांच्या उशाशी आहे. झाकणावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: १५ ग्रॅम ग्लुकोज, अर्धा पेला पाणी, मग मशीन लावणे.