खुलासा: ५ वॉटचा हँडी (हातात धरायचा रेडिओ) टायनीएसएला (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या छोट्या यंत्राला) थेट जोडू नका

‘टायनीएसए यूएसबीने संगणकाला जोडला की सॉफ्टवेअर इनपुट सांभाळतं, हँडी थेट लावा’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. सॉफ्टवेअर फक्त आलेख दाखवतं आणि सेटिंग बदलतं. अंतर्गत अटेन्युएशन (यंत्रातच सिग्नल कमी करणं) शून्य असताना मूळ टायनीएसएची कमाल मर्यादा +१० डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचं एकक), म्हणजे १० मिलिवॉट. ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम, पाचशेपट!

मध्ये ४० डीबीचा, किमान १० वॉट झेलणारा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा (छोट्या एसएमए कनेक्टरचे पॅड, म्हणजे छोटे अटेन्युएटर, बहुधा २ वॉटचेच असतात, जळतात). इनपुट मग −३ डीबीएम. १४४ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल) २८८ वर दिसेल. तो खरा की यंत्रातच तयार झालेला? आणखी १० डीबीचा पॅड घाला: खरा १० डीबीच उतरतो, खोटा साधारण २०.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका.