डिश लावा, बोल्ट ठेवा, निघून जा

अकरा महिन्यांचा करार झाला, सामान लागलं, आता डिश. पुण्यातून आपल्या डीटीएच उपग्रहांची दिशा साधारण आग्नेय. वास्तुशास्त्राने तिथे स्वयंपाकघर सांगितलंय, ते सोडा. बाल्कनी पश्चिमेला असेल तर सिग्नल मिळायचा नाही. चला गच्चीवर.

डिश गच्चीच्या मधोमध, कोब्यातच, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफिंग थरातच बसवून घ्या. चार अँकर बोल्ट, दोन-अडीच इंच आत. कठड्याच्या उभ्या भिंतीला ब्रॅकेट मारणे किंवा काँक्रीटच्या जड ठोकळ्यावर स्टँड कसून तो नुसता ठेवणे, असले आगाऊ प्रकार नकोत. त्यात वॉटरप्रूफिंगला भोकच पडत नाही. कोब्यात मात्र पाणी बोल्टच्या कडेने शिरतं, विटांच्या तुकड्यांतून हिंडतं आणि भलत्याच बेडरूमच्या छतावर उमटतं. भोक एकीकडे, ओल दुसरीकडे. तुमच्यावर बोट कोण ठेवणार?

केबल खिडकीच्या जाळीचा कोपरा कापून आत घ्या, डासांचीही सोय होते. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ देऊ नका. झोळ दिला की पावसाचं पाणी बाहेरच ठिबकतं, नाही दिला की केबलवरून ओघळत घरात येतं. एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या कनेक्टरवर रबरी टोपी चढवायची टाळा. तांबं हिरवं पडून सिग्नल गेला की कंपनीला शिव्या द्यायला मोकळे.

घरमालकांनो, भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी तुमची, ती पाळाच. यादीत पंखे चार, ट्यूब पाच, गिझर एक असं सगळं लिहा. डिश कोणाची आणि घर सोडताना काढायची कोणी, एवढं मात्र राहू द्या. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापताना गच्चीवर जाऊन बघायचं नसतं, गुडघे दुखतात.

कमिटीनेही शिस्त सोडू नये. लावण्यासाठी अर्ज, मालकाचं ना हरकत पत्र, कराराची प्रत, सगळं घ्या. काढण्यासाठी नियम कशाला? डिशवर ऑइल पेंटने फ्लॅट नंबर लिहायला लावू नका, नाहीतर ती कोणाची हे कळेल.

घर सोडताना टेक्निशियनला बोलवायची गरज नाही. बोल्ट उपटून, भोकातली धूळ काढून, न आकसणारं ग्राउट भरून वरून वॉटरप्रूफिंगचा हात मारण्यात अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा सेट-टॉप बॉक्स पिशवीत टाका, केबल खिडकीपाशी कापा. फारच सज्जन असाल तर डिशचा पत्रा काढून न्या आणि बोल्ट तसेच गंजत ठेवा.

काही वर्षांनी वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार आला की पहिलं वाक्य म्हणेल, ‘आधी डिश हलवा.’ सेक्रेटरींनी लगेच लिफ्टमध्ये नोटीस लावावी: सात दिवसांत डिश न काढल्यास सोसायटी काढेल. निम्म्या डिशचे मालक तोवर हिंजवडीला राहायला गेलेले असतात. आठव्या दिवशी वॉचमन सरसकट केबली कापतो, आणि चालू असलेली एकमेव डिश चेअरमनची निघते.