तो "स्वाभिमान मारणाऱ्या कादंबऱ्या"वाला फॉरवर्ड, त्याबद्दल

चार-पाच दिवस तोच फॉरवर्ड येतोय. आधी चर्चच्या ग्रुपवर, मग संडे स्कूलच्या टीचर्सच्या, काल तर आमच्या वानवडीच्या सोसायटी ग्रुपवर पण, टँकर कधी येणार विचारणाऱ्या मेसेजच्या बरोब्बर खाली. म्हणणं असं, की मुलींसाठीच्या ख्रिस्ती डिस्टोपियन कादंबऱ्या, म्हणजे पुढच्या काळातलं जुलमी सरकार, त्यात अडकलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि तिचा देवावरचा विश्वास, या मुलींचा स्वाभिमान मारतात. तू स्वतः कुणी नाहीस, देव म्हणेल तेवढीच तुझी किंमत, हे शिकवतात. नायिका नुसती प्रार्थना करत बसते. बायबलच बायकांना गप्प बसवतं, मग दुसरं काय होणार. आणि हे अमेरिकन फॅड, पुण्याच्या मुलींचा काय संबंध.

आता एकेक घेते.

किंमतीचं आधी. या गोष्टींमधलं सरकार नेमकं काय करतं? माणसाला आकडा लावतं. नादीन ब्रँडेसच्या 2014 च्या 'अ टाइम टु डाय'मध्ये तर माणूस कधी मरणार ते सांगणारं घड्याळच असतं, आणि नायिकेचं एकच वर्ष उरलंय, आत्तापर्यंतचं सगळं वाया घालवलं असं तिला वाटतंय. अशा मुलीला आरशासमोर उभं राहून "मी भारी आहे" म्हण सांगून काय होणार? आपल्याकडे घड्याळ नाही पण दहावीचे टक्के आहेत, सावळी-गोरी आहे, इन्स्टाचे लाइक्स आहेत, आणि हे सगळे आकडे देणारे ते उद्या काढूनही घेतात. देवाने दिलेली किंमत परत घ्यायला कुठल्याच सरकारकडे खिडकी नाही, एवढंच ती नायिका शिकते, आणि त्याच जोरावर नाही म्हणते. यात स्वाभिमान मेला कुठे?

आणि देवाला मानणारी बाई मान खाली घालूनच जगते असं ज्यांना वाटतं त्यांनी पंडिता रमाबाईंचं 1885 चं पत्र वाचावं. बाप्तिस्मा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, इंग्लंडमध्ये चर्चच्याच मंडळींच्या आधारावर राहात होत्या, आणि तरी लिहिलं की हिंदुस्थानातल्या भटांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता पाद्र्यांचं घेणार नाही. कोण बोलतं असं!

प्रार्थना करत बसते म्हणे. बायबलमधलं गणना 27 उघडा. बापाला मुलगा नाही म्हणून जमीन जाणार, तर सलाफहादच्या पाच मुली मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वाटा मागतात. देव काय म्हणतो, तर मुली बरोबर बोलतायत. कायदा बदलतो. बस.

बायबल गप्प बसवतं, याला पुरावा म्हणून 'द हँडमेड्स टेल'चा फोटो जोडलाय. छान. 1985 ची ती कादंबरी ख्रिस्ती मुलींसाठी लिहिलेली नाही हा भाग सोडा, पण त्यातलं गिलियड नावाचं राज्य बायकांना वाचू देत नाही, बायबल कुलपात ठेवतं आणि घरचा पुरुष हवं तेवढंच वाचून दाखवतो. नुसतं गप्प बसायला शिकवणारं पुस्तक असतं तर कुलूप कशाला लागलं असतं? उलट आपल्या दौंडच्या लायनीवर केडगावला बघा, रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल करतायत आणि त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायका छपाईचे खिळे जुळवून ते छापतायत. त्यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून आलेल्या, तिथेच अक्षरं शिकलेल्या. 1922 ला रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल आलं 1924 ला. (आजीकडची प्रत अजून माझ्याकडे आहे, पानं सुटलीयत.)

अमेरिकन फॅडबद्दल फार बोलत नाही. 1897 च्या प्लेगात याच पुण्यात सोल्जर घरात घुसून तपासत होते, माणसं उचलून कॅम्पात नेत होते, आणि प्लेगच्या हॉस्पिटलात बायकांचे काय हाल होतात ते रमाबाईंनी पेपरात छापून आणलं. इथे डिस्टोपिया इम्पोर्ट करायची गरज नव्हती.

एक मात्र मान्य. यातली बरीच पुस्तकं कच्ची आहेत, अर्ध्यात एक देखणा मुलगा येतो, "तू खास आहेस" म्हणतो आणि देवाने दोनशे पानं जे सांगितलं ते हिला त्याच्या तोंडून ऐकल्यावर पटतं. इथे फॉरवर्डवाल्याने बोट ठेवलं असतं तर मी गप्प बसले असते. भाचीने असलंच एक किंडलवर संपवलं, कसं होतं विचारलं, तर म्हणाली, "मावशी, तो मुलगा भिंतीच्या पलीकडेच राहिला असता तर मस्त झालं असतं."